नियमाप्रमाणे एक थाप

होडीवरून,
४ ऑक्टोबर

चिटके,

आधी आईला सांग, की मी जिवंत आहे, दोन वेळा जेवतो आहे आणि मोजे रोज धुतो आहे. यातली एक थाप आहे. कुठली, ते तू ओळखशीलच. आपल्या शाळेतली ना तू!

सिमेंटच्या गोदामातलं काम सोडलं. मुकादम वाईट नव्हता, पण रोज त्याच भिंतीकडे बघून डोकं उठायचं. आता मालाची एक मोठी होडी आहे, तिच्यावर आहे. पोती चढवायची, पोती उतरवायची, मधे नदी. मालक म्हातारा आहे आणि त्याला माझं पोहणं आवडतं, कारण पोतं पाण्यात पडलं की मी मागचा पुढचा विचार न करता उडी मारतो. आणि हो, बूट घेतले! काळे, जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे. जुन्या बाजारात होते, एका मेलेल्या पोस्टमनचे असं दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, पोस्टमनचे असतील तर उत्तमच, त्यांना चालायची सवय आहे. आता हे पाय आणि हे बूट, जग पडलंय पुढे. झोपताना उशाशी ठेवतो. कुणाला हात लावू देत नाही.

काय सांगत होतो? हां. तुझं शाळेचं शेवटचं वर्ष. वर्गाचा अंक निघणार का यंदा, की लढाईत कागदही भरती झाला? निघाला तर मला पाठव. तो थापेचा नियम अजून आहे ना, की नवीन मुख्याध्यापकांनी मोडला? मी वर्ष पुरं व्हायच्या आत पळालो, म्हणून माझं पान कुणी लिहिलंच नाही. बाकी कशाचं नाही, पण त्याचं कधी कधी वाटतं.

पत्र दुधाच्या गाडीवाल्या मामांच्या हाती दे. ते धक्क्यावरच्या चहावाल्याकडे ठेवतात. टपालानं नको. माझ्याकडे भरतीचं कार्ड नाही, तुला माहीतच आहे. नोंदणी झाली तेव्हा मी कुठल्याच गावात नव्हतो.

तुझा
दादा

*

घर,
१९ ऑक्टोबर

दादा,

थाप मोज्यांची. आईनंसुद्धा ओळखली, आणि ती तर आपल्या शाळेत नव्हती.

अंक निघाला! कागद मिळेना, तर बाबांनी छापखान्यात पडलेल्या जुन्या शिधा-अर्जांच्या पाठीवर छापला. त्यामुळे आमच्या कवितांच्या मागे 'कुटुंबातील एकूण माणसे' असं दिसतं. संपादक मी आहे. हसू नकोस. नियम आहे तसाच आहे: आपलं पान आपण लिहायचं नाही, शेजारच्या बाकावरच्यानं लिहायचं. स्वभाव, छंद, महत्त्वाकांक्षा, आणि प्रत्येक पानात बरोब्बर एक थाप. कुणी ती छापून सांगत नाही, वर्गाला कळतेच.

रेडिओ (तीच रे, मधली सुट्टी संपली तरी जिची बातमी संपत नाही) तिला निवेदिका व्हायचंय. तिची थाप: 'वर्गात ती एक शब्द बोलत नाही.' वकिलाची थाप: 'गणिताच्या सरांचं म्हणणं त्यानं एकदा मान्य केलं होतं.' त्याला खरंच वकील व्हायचंय, पण त्याचे बाबा म्हणतात आधी लढाई संपू दे, मग कोर्टं उघडतील. डॉक्टरीण आमच्या सगळ्यांच्या न मोडलेल्या हातांना पट्ट्या बांधून सराव करते. शाळा सुटल्यावर आमच्या पाळ्या असतात. गच्चीवर दोघं उभे राहून आकाशाकडे बघायचं, विमान दिसलं की घंटा. मी आणि बांबू एका पाळीला असतो.

बांबू माझ्या शेजारच्या बाकावर बसतो. इतका उंच की खिडकीच्या वरच्या काचांना कागदाच्या पट्ट्या चिकटवायला शिडी लागत नाही. बोलतो कमी. त्याचं पान मी लिहिलं. ऐक:

'बांबू वरून शांत, आतून पोकळ नाही. वहीच्या शेवटच्या पानापासून पूल काढत पुढे येतो, आणि अभ्यास पहिल्या पानापासून करत जातो. दोघं मधे भेटतात तेव्हा परीक्षा असते. त्याला मोठेपणी पूल बांधायचे आहेत. नदीत तर तो मासा आहे, एका दमात बुडी मारून अलीकडून पलीकडे निघतो.'

वर्ग लोळला! कारण बांबू साचलेल्या पाण्यालासुद्धा वळसा घालतो. लहानपणी हौदात पडला होता, तेव्हापासून. पूल का आवडतात, तर म्हणे 'पाण्यात पाय न घालता पलीकडे जाता येतं.' हे त्यानं गच्चीवर मला सांगितलं, आणखी कुणाला नाही. म्हणून तेवढं लिहिलं नाही.

अंकाची एक प्रत पाठवते. पान सांभाळून उघड, शाई अजून हाताला लागते.

तुझी
संपादकबाई (हसू नकोस म्हटलं ना)

*

होडीवरून,
२ नोव्हेंबर

संपादकबाई,

हसलो. मग अंक वाचला, आणि मालकांनाही वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण थापा मात्र पटापट ओळखल्या, रेडिओची तर पहिलीच ओळ ऐकून. तुझा बांबू मला आवडला. त्याचं पान बाकीच्यांपेक्षा लांब आहे, हे फक्त मलाच दिसलं की सगळ्या वर्गाला? राहू दे, उत्तर नको देऊस.

इथली गंमत सांगतो. परवा एक बाई आली, कोंबड्यांचं खुराडं घेऊन. तिला पलीकडे जायचं होतं. मधे खुराड्याचं दार उघडलं. सबंध होडीभर कोंबड्या! एक माझ्या बुटात शिरली. काढता काढता होडी धक्क्याला लागायची ती वाळूत रुतली. मालक मला बोलले ते इथं लिहीत नाही, तू आईला वाचून दाखवतेस.

रुतलो होतो तिथून समोर सैन्याची छावणी दिसते. पूल कंपनी म्हणतात. पोरांच्या कमरेला दोरी बांधून पाण्यात सोडतात. त्यांनी दोरी घेऊन पलीकडे निघायचं, मग त्या दोरीवरून मोठा दोर जातो आणि त्याच्यावरून पूल. सरावच आहे, पण पाणी थंड आणि धारेला जोर फार. मला जमेल, पण मी लहानपणापासून नदीतच. त्या पोरांकडे बघवत नाही. काल एक दोरी ओढली तर टोकाला कुणीच नव्हतं. हे आईला वाचून दाखवू नकोस.

बूट छान आहेत. कोंबडीनं काही बिघडवलं नाही.

दादा

*

घर,
९ नोव्हेंबर

दादा,

बांबूला नेलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी. म्हणून ते मी दोनदा वाचलं. भरतीचे साहेब नोटिसा घ्यायला बाबांच्या छापखान्यात येतात. तिथं टेबलावर अंक होता. चहा होईपर्यंत त्यांनी चाळला. मग खिशात घालून नेला. दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि वर्गाच्या दारात उभे राहून विचारलं, 'यातला पूल बांधणारा मासा कोण?' वर्ग हसला, दादा. आम्ही सगळे हसलो! मला वाटलं, कौतुक करायला आलेत. बांबू उभा राहिला. तो उभा राहिला की दिसतोच.

त्यानं सांगितलं, मला पोहता येत नाही. साहेब म्हणाले, 'निवडलं की सगळ्यांनाच पोहायला येईनासं होतं.' आणि पानावर बोट ठेवलं. छापलेलं होतं ना! वर शाळेचा शिक्का.

मुख्याध्यापक भरतीच्या कचेरीत गेले. नियम समजावून सांगायला. त्यांना विचारलं, 'लढाईच्या दिवसांत शाळेच्या शिक्क्यानिशी खोटं छापलंत? कुणी लिहिलं? छापखाना कुठला?' सर परत आले ते थेट खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाबांना सगळं कळलंय. ते मला रागावले नाहीत, तेच वाईट. फक्त म्हणाले, 'तू गप्प राहा. छापखान्याला कुलूप लागलं तर तिथं काम करणाऱ्या सगळ्यांची घरं उघड्यावर येतील.' त्यांचं चूक नाही. पण मी गप्प राहिले तर तो दोरी बांधून पाण्यात.

शिवणकामवाल्या मावशी, म्हणजे त्याची आई, काल आल्या होत्या. सैन्याच्याच शर्टांना काजं करतात. म्हणाल्या, 'तू त्याच्याबद्दल छान लिहिलंस गं. कुणी काही लिहिलं नव्हतं त्याच्याबद्दल आजवर.' त्यांना माहीतच नाही ती थाप होती. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि तिथंच बसले.

त्याला तुझ्या समोरच्या छावणीत नेलंय. पूल कंपनी. दादा, तू जा. तिथल्या कुणाला तरी सांग. एवढ्या लांबून माझं कुणी ऐकणार नाही, आणि सांगितलं तर बाबा अडकतील. तू तर नदीएवढ्याच अंतरावर आहेस.

मी

*

धक्क्यावरून,
१७ नोव्हेंबर

चिटके,

पत्र उशिरा मिळालं, चहावाला आजारी होता. त्याला काय झालं होतं ते सांगतो. त्याच्या दाढेत... नको, ते राहू दे.

मी गेलो होतो.

होडी सोडून, पलीकडे उतरून, चिखलातून चालत फाटकापर्यंत गेलो. फाटकावर दोघे उभे होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे कार्ड मागत होते. माझ्या पुढे भाजीवाला होता, त्याच्याकडेसुद्धा मागितलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी बांधून झाली तेव्हा मी उलट्या दिशेला चालत होतो. कसा वळलो ते मलाच कळलं नाही. खरंच सांगतो.

कुंपणाबाहेरून दिसला तो मला. उंचीवरून ओळखला. गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि हात असे वर धरले होते जणू पाणी त्यांना चावेल. हवालदार ओरडत होता. तो पुढे जात नव्हता, पण मागेही फिरत नव्हता.

मी काहीतरी करतो. एखाद्या ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवता येतो का बघतो. मालकांचा पुतण्या छावणीत बटाटे पुरवतो. तू रडू नकोस. बाबांना माझं नाव सांगू नकोस.

दादा

*

घर,
२१ नोव्हेंबर

दादा,

मी रडत नाहीये.

मामांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यात पूल कंपनी पुढच्या नदीवर जाणार आहे. तिथं सराव नाही. पलीकडे बंदुका आहेत. बटाट्यांच्या पोत्यातून निरोप कधी पोचणार आणि कुणाला?

आज वर्गात हजेरी घेताना सरांनी त्याचं नाव घेतलं. सवयीनं. रेडिओ 'हजर' म्हणाली. ती, रेडिओ! पुढे दिवसभर एक शब्द बोलली नाही. तिच्याबद्दलची थाप खरी झाली, तशी बांबूचीही होईल असं कुणालाही वाटेना. मासा!

तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू निघतोस आणि मधे कोंबडी येते, चहावाल्याची दाढ येते. या वेळी नको. मी तुला आजवर कधी काही मागितलं नाही.

नाडी बांधून झाली असेल, तर जा.

*

छावणीतून,
३० नोव्हेंबर

चिटके,

हे पत्र घेऊन आलेल्या उंच माणसाला आत घे आणि पाय वाळवायला लाव. बघ, आला की नाही?

झालं ते अगदी सोपं झालं, मी उगाच घाबरत होतो. फाटकावर मी सरळ सांगितलं, कार्ड नाही, पण हवालदाराशी बोलायचंय. त्यांनी आत नेलं. हवालदार भला माणूस निघाला. गळा मोठा, मन त्याहून मोठं. मी म्हटलं, त्या पोराला पोहता येत नाही, शाळेतली गंमत होती ती. तो म्हणाला, 'ते मला पहिल्या दिवशीच कळलं.' मग मी पोहून दाखवलं. अलीकडून पलीकडे आणि परत, दोरी बांधून. पाणी असं की दात वाजत होते, पण ही सगळी पोरं काठावर ओळीनं उभी राहून बघत होती, तेव्हा जरा दोन हात जास्तच मारले. बांबूच्या कानात पू झालाय असा दाखला डॉक्टरांनी दिला आणि तो मोकळा.

मला म्हणाले, थोडे दिवस राहा आणि या पोरांना पोहायला शिकव. मी म्हटलं, बरं. इथं जेवण चांगलं आहे, सरकारी बूट मिळतात, आणि एकाला तोंडानं बासरी वाजवता येते. म्हणजे बासरीशिवाय! त्याचं ऐकायला हवं एकदा तुम्ही. मला कंटाळा आला की मी निघेन. आजवर मला कुणी कुठे अडवलंय?

बांबूला मी वाटेत बोलू नकोस म्हणून सांगितलंय, तसाही तो बोलत नाही. पोरगा चांगला आहे. रोज पाण्यात उतरत होता, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. मी विचारलं, पळून का नाही आलास? तर म्हणाला, 'मी पळालो असतो तर त्यांनी पान कुणी लिहिलं ते विचारलं असतं.' हे तुला सांगू नको असं त्यानं सांगितलेलं नाही, म्हणून सांगतो.

या पत्रात एकही थाप नाही.

तुझा
दादा

*

घर,
५ डिसेंबर

दादा,

शेवटची ओळ वाचली तेव्हाच समजले. खरं सांगणारा माणूस असं लिहीत नाही.

बांबू आला. आई दार उघडायला गेली, तिनं आधी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं. तुझे बूट! त्याला ते चावत होते, टाचा सोलल्या होत्या, तरी घालून आला होता. आई म्हणाली, 'हे त्यानं स्वतःहून काढून दिले?' आणि खुर्चीवर बसली. मग मलाही कळलं. ज्याला कंटाळा आला की निघायचंय, तो आपले बूट दुसऱ्याच्या पायात घालून पाठवत नाही.

मी बांबूला काही विचारलं नाही. त्याला चहा दिला. आणखी एक दिला. तिसऱ्या कपाला तो आपणहून बोलला. हवालदार तुला म्हणाला होता, 'मला डोकी मोजून द्यायची असतात. तू मला एक पोहणारा दे, मी तुला एक बुडणारा देतो.' तू एवढंच विचारलंस, 'सही कुठे करायची?' आणि बांबू निघाला त्याच सकाळी कंपनीचे ट्रक पुढच्या नदीकडे गेले. तू मागच्या फळीवर बसला होतास आणि हात हलवत होतास, तोंडानं बासरी वाजवणारा तुझ्या शेजारी होता, असं तो म्हणाला. ती बासरी तरी खरी निघाली.

बाबांनी काल पहिल्यांदा तुझं नाव काढलं. जेवता जेवता म्हणाले, 'त्याला थंड पाण्याचं काही वाटत नाही, लहानपणापासूनच.' त्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

बांबू वर्गात परत बसतो. शिवणकामवाल्या मावशी त्याला एकटा सोडत नाहीत, शाळेच्या फाटकापर्यंत येतात, एवढा उंच मुलगा आणि मावशी त्याच्या कोपराएवढ्या. कुणी हसत नाही. त्यानं वहीत एक नवीन पूल काढलाय. या वेळी शेवटच्या पानावर नाही, पहिल्या. तुझे बूट आम्ही पुसून दाराशी ठेवले आहेत, टोकं बाहेरच्या बाजूला करून. आईनं उलटे केले. आत येणाऱ्याचे असतात तसे.

मामा म्हणतात, पूल कंपनीची गाडी आठवड्यातून एकदा बटाटे घ्यायला येते, तिच्या हाती हे पोचेल. तुझं पान कुणी लिहिलं नाही असं म्हणाला होतास. तू माझ्या शेजारच्या बाकावर कधी बसला नाहीस, पण एका खोलीत वाढलो, तेवढं चालावं. बाबांनी स्वतः छपाईचे खिळे जुळवले. एकच प्रत छापली, शिधा-अर्जाच्या पाठीवर. सोबत पाठवते. इथंही लिहिते, पत्र भिजलं तरी दोन्हींतलं एक वाचता येईल.

'दादा एका जागी बसत नाही. कामाला निघाला की वाटेत काहीतरी सापडतं आणि काम मागे राहतं, पण सापडलेलं तो सगळ्यांना वाटून टाकतो. छंद: मोजे न धुणं, न विचारता उडी मारणं. त्याला मोठेपणी काय व्हायचंय ते त्यानं अजून ठरवलेलं नाही, आणि ते ठरवायला त्याला भरपूर वर्षं लागणार आहेत. शाळेत शिकवलेलं त्याला फारसं आठवत नाही, पण एकदा त्यानं बुटाची नाडी बांधली आणि तो बरोबर दिशेला गेला. त्याच्या बहिणीला त्याची मुळीच काळजी वाटत नाही.'

नियमाप्रमाणे यात एक थाप आहे. शोध, आणि समोर येऊन सांग. पत्रानं कळवलेलं धरलं जाणार नाही.

चिटकी